दोन साडू, एक मशीन आणि दोन बोटं तेल

या, असे जवळ सरका. दाराशी कुणी उभं राहू नका, आत पुष्कळ जागा आहे. माझा आवाज काही मोठा नाही आणि गोष्टही ओरडून सांगण्यासारखी नाही. गोष्ट आहे एका मशीनच्या पोटातल्या तेलाची आणि एका भल्या माणसाच्या पोटात शिरलेल्या संशयाची. तेल गेलं कुठं, नेलं कुणी, सगळं सांगतो. मध्येच उठून मात्र जाऊ नका. संशयाची गोष्ट अर्धी ऐकली, तर उरलेली अर्धी ऐकणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येते.

तर दोन साडू होते. सख्ख्या बहिणींचे नवरे. एकाच अंगणाच्या दोन बाजूंना दोघांची घरं, मध्ये पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये दोघांनी मिळून घेतलेलं एक लहान पोकलेन. खेळण्यातलं वाटावं एवढंसं. रबरी पट्ट्यांवर चालणारं, एका माणसापुरती केबिन, पण अरुंद बोळात शिरून पाइपलाइनचा चर खणावा तर त्यानंच. सकाळपासून दुपारपर्यंत थोरला चालवायचा, दुपारपासून दिवस कलेपर्यंत धाकटा.

थोरल्याला सगळे दुर्बीणराव म्हणत. दूध आलं की पातेलं उजेडाकडे धरून बघणार. पत्र आलं की आतल्या मजकुराआधी पाकिटाचा डिंक तपासणार. त्यांची बायको, जिला सगळं अंगण ताई म्हणे, ती हसून सांगायची, "आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि हे फोटोवाल्याच्या पिशवीकडे!" माणूस वाईट नव्हता हो. देवाला हात जोडताना डोळे मिटायचा, एवढाच काय तो त्याच्या डोळ्यांना विसावा.

धाकट्याचं नाव पडलं होतं गवई. मशीनवर बसला की देवाचं नाव घेऊन मोठ्यानं गायला लागायचा. सुराशी त्याचं फारसं सख्य नव्हतं, पण इंजिनाच्या घरघरीत कुणाला काही ऐकू जात नसे, ही ऐकणाऱ्यांवर देवाचीच कृपा. त्याची बायको चिमी, ताईची पाठची बहीण. लहानपणी एका पांघरुणात निजलेल्या या दोघी, आता एका अंगणात नांदत होत्या. दोन साडवांचं बिनसलं असतं तर मशीन विकता आलं असतं. बहिणींचं काय करायचं, हे कुणाला ठाऊक होतं?

मशीनची देखभाल आधी एक म्हातारे मिस्त्री करायचे. आठवड्यातून एकदा मशीन त्यांच्या आवारात न्यायचं, हे दोघे समोर चहाला जायचे, परत येईपर्यंत काम झालेलं. पुढे मिस्त्री लेकीकडे राहायला गेले. जाताना दोघांना टाकीजवळ उभं करून म्हणाले, "या मशीनची सगळी ताकद तेलात. टाकीला ही काच आहे, काचेवर ही रेषा. तेल रेषेवर पाहिजे. खाली गेलं तर पंप रडेल, वर गेलं तर टाकी तेल ओकेल. फिल्टर वेळेवर बदला. रोज काच बघा. बाकी देव आहे."

दोघांनी माना डोलावल्या. काच बघण्याआधी मिस्त्री काय करायचे, ते मात्र दोघांनी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा दोघे चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीणरावांनी काम अंगावर घेतलं. रेषा पुसट झाली होती, म्हणून ताईच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका काचेवर अगदी रेषेच्या टोकाला लावला. मग चष्मा वर करून, खाली करून, दोन्ही प्रकारे बघितलं. तेल ठिपक्याच्या दोन बोटं खाली.

"मिस्त्री म्हातारा झाला होता म्हणायचा," असं पुटपुटत त्यांनी ड्रममधलं तेल रेषेपर्यंत भरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेल परत दोन बोटं खाली.

आता त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मशीनखाली त्यांनी जुनी वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी कागद कोरडे, एक थेंब नाही. सगळे पाइप फडक्यानं पुसून बघितले, फडकं कोरडं. गळत नाही, तरी कमी होतंय. तेल काही पाणी नव्हे, उन्हानं उडून जायला. मग जातं कुठं?

रोज त्यांनी दोन बोटं तेल भरावं आणि रोज सकाळी ते दोन बोटं खाली असावं. आठव्या दिवशी ड्रमचा तळ दिसला, नवा ड्रम मागवावा लागला. तळ दिसला तसा दुर्बीणरावांना त्यात धाकट्या साडवाचा चेहराही दिसायला लागला.

गवयाचा एक मित्र होता, ट्रॉलीवाला. त्याच्या जुन्या ट्रॉलीचा उचलायचा जॅक कायम गळायचा, त्यात सारखं असंच तेल घालावं लागायचं. तो आणि गवई चौकात उभे राहून हसत असलेले दुर्बीणरावांनी दोनदा पाहिले. आधीही शंभरदा पाहिले असतील, पण आता त्या हसण्यात त्यांना तेलाचा वास यायला लागला. दुपारी काम सोपवताना गवई म्हणायचा, "दादा, तुम्ही निघा. जेवण थंड होईल. मी बघतो इथलं." पूर्वी हे ऐकून बरं वाटायचं. आता वाटलं, याला माझ्या जेवणाची एवढी काळजी कधीपासून?

"अगं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचे हात बघितलेस का?" त्यांनी ताईला विचारलं. "कोपरापर्यंत तेलकट असतात."

"मशीनवर बसतो तो. अत्तराचं दुकान नाही त्याचं."

"चालवणाऱ्याचे तळवे तेलकट होतात. कोपरं नाही होत."

"आता कोपरंही मोजायला लागलात?" ताई म्हणाली. "विचारा ना त्याला सरळ."

"चोराला विचारून चोरी कळली असती, तर जगात कुलपं कशाला असती?"

त्यातच पंपाचा आवाज बदलला. पूर्वी मशीन गुरगुरायचं, आता बकेट भरताना बारीक कण्हायला लागलं. दुर्बीणरावांनी सुतावरून स्वर्ग गाठला. चांगलं तेल नेतो, आणि पाप झाकायला वर काहीतरी जुनं, जळकं ओततो! स्वतःच्याच मशीनच्या रक्तात घाण कालवतो!

दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी निरोप घेतल्यासारखं केलं, आणि चराच्या कडेला रचलेल्या मोठ्या सिमेंटच्या पाइपांमागे जाऊन बसले. आयुष्यभराची सवय अशी की, मशीन सोडताना त्याचा हात पुढं लांब पसरून, बकेट जमिनीला टेकवूनच उतरायचे. दमलेलं जनावर पाय पसरून पडावं तसं. त्या पसरलेल्या मशीनजवळ गवई आला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. काचेसमोर वाकला. मान हलवली. मग टाकीचं झाकण उघडलं, आत नळी सोडली, आणि हातपंपानं तेल ओढून एका डब्यात घ्यायला लागला.

वर तोंडानं देवाचं नाव चालूच.

पाइपांमागे दुर्बीणरावांच्या पायाला मुंग्या आल्या, पण ते हलले नाहीत. इतके दिवस ज्याची खात्री होती ते डोळ्यांनी बघायला मिळालं. आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण झाला नाही. संशय खरा ठरावा असं वाटणं वेगळं, आणि खरा ठरणं वेगळं.

दोन दिवस ते गप्प राहिले. मग रविवारी सकाळी, चिमी कपडे वाळत घालत असताना, तिच्या मागच्या पडवीत शिरले. पाण्याच्या पिंपामागे, गोणपाटाखाली, पाच डबे. चार भरलेले, पाचवा अर्धा. दोन-दोन हातात धरून त्यांनी सगळे अंगणात आणून मांडले आणि हाक मारली, "गवईबुवा! बाहेर या. मैफल मांडलीय तुमची."

गवई दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन बाहेर आला, मागोमाग ताईही आपल्या दारात आली. डबे बघून त्याचा चेहरा पडला. तो पडलेला दुर्बीणरावांनी बरोबर टिपला.

"हे काय आहे?"

"तेल," गवई म्हणाला.

"कुणाचं?"

"आपलं."

"आपलं! ऐकलंस गं? आपलं म्हणे! मग आपलं तेल तुझ्या पडवीत गोणपाट पांघरून का निजलंय?"

"दादा, जास्त होतं म्हणून मी काढून ठेवत होतो."

"जास्त?" दुर्बीणराव इतक्या मोठ्यानं हसले की तारेवरचा कावळा उडाला. "अरे, रोज सकाळी दोन बोटं कमी असतं! मी भरतोय रोज, या हातांनी!"

"तुम्ही भरताय ते ठाऊक आहे मला. रेषेच्या वर भरताय. दुपारी बघतो तर दोन बोटं वर. टाकी ओकेल म्हणून मी काढतो."

"मग बोलला का नाहीस?"

गवई खाली बघत म्हणाला, "मागं पट्टा ढिला आहे म्हणालो होतो, तर आठ दिवस बोलला नाहीत माझ्याशी. म्हटलं, दादांची नजर कमी झाली असेल. कशाला दाखवून द्यायचं? काढून ठेवू, वाया तर जात नाही."

"नजर कमी झाली? माझी?"

याहून वाईट शिवी त्यांना आजवर कुणी दिली नव्हती. गवयाचं मनगट धरून त्यांनी त्याला शेडमध्ये ओढत नेलं. शेडची लांबी बेताची, म्हणून संध्याकाळी मशीन आत घालताना गवई त्याचा हात पार पोटाशी आखडून घ्यायचा. तसंच ते उभं होतं, थंडीत अंग चोरून बसलेल्या माणसासारखं.

"बघ. काल दुपारनंतर तुझ्याशिवाय कुणी हात लावलाय?"

"नाही."

"काल किती ठेवलंस?"

"बरोबर रेषेवर."

"मग आता बघ."

गवई वाकला. तेल ठिपक्याच्या दोन बोटं खाली. त्यानं बोटानं काच पुसली, परत बघितलं. दोन बोटं खाली. गालावरचा साबण वाळून गेला होता.

"देवाशपथ दादा, काल—"

"देवाला मध्ये आणू नकोस. किल्ली दे."

चिमी दारात उभी होती, ओला कपडा तसाच पिळत. गवयानं खिशातून किल्ली काढली, साडवाच्या तळहातावर ठेवली आणि घराकडे वळला. थोड्याच वेळात त्या घरातून पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

"अहो," ताई म्हणाली, "ती निघाली."

"निघू दे."

"माझी बहीण आहे ती."

"म्हणूनच पोलिसात नाही गेलो."

 दुर्बीणरावांना हाताला काम हवं होतं. रविवार ग्रीसचा दिवस. हाताचे सांधे ग्रीस करायचे तर मशीन बाहेर काढून हात पसरावा लागतो. त्यांनी मशीन सुरू केलं, अंगणात आणलं आणि आखडलेला हात पुढं सरळ करायला घेतला. ताई ग्रीसचं फडकं घेऊन टाकीपाशी उभी होती. नेलपॉलिश तिचं, त्यामुळं नजर सहज त्या ठिपक्याकडे गेली.

"अहो, थांबा."

"काय झालं?"

"तेल वर आलं."

"कुठलं तेल?"

"काचेतलं. आता खाली होतं, ते चढत चढत ठिपक्याला टेकलं."

"तू भरलंस का?"

"हो, पदरात बांधून आणलं होतं!" ताई उसळली. "फडकं आहे हातात माझ्या. परत आखडा बरं हात."

त्यांनी हात आखडला. "खाली गेलं," ताई म्हणाली. पसरला. "वर आलं." आखडला. "गेलं खाली. अहो, हे तर तुमच्या हाताबरोबर हलतंय."

दुर्बीणराव उडी मारून खाली उतरले. पण ते काचेपाशी येईतो मशीन स्तब्ध, तेलही स्तब्ध. परत वर चढले, हात हलवला, परत धावत आले. तेल जागेवर! वर बसलं की काच दिसत नाही, काच बघायची तर वर बसायला कुणी नाही. ताईला मशीन चालवता येत नव्हतं. आणि बायकोच्या डोळ्यांवर विसंबून राहतील तर ते दुर्बीणराव कसले?

वर बसवावं असा अख्ख्या अंगणात एकच माणूस होता.

एवढं अंगण ओलांडायला माणसाला किती वेळ लागतो? वीस पावलं. त्यांना बराच वेळ लागला. मध्येच एकदा ते वळलेही, पण ताई कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी त्यांनी धाकट्याच्या दाराची कडी वाजवली.

चिमीनं दार उघडलं. डोळे सुजलेले. आत गवई ट्रंकेवर गुडघा ठेवून ती मिटवत होता.

"भाऊजी, आता काय राहिलंय न्यायचं?" चिमी म्हणाली.

दुर्बीणरावांनी घसा साफ केला. "जरा येतोस का? मला काच बघायचीय. वर कुणीतरी बसायला हवं."

"किल्ली तुमच्याकडे आहे," गवई ट्रंकेवरून न उठता म्हणाला.

"मशीनलाच आहे लावलेली. चल."

गवई आला. वर बसला. आज गाणं नव्हतं. दुर्बीणराव काचेसमोर गुडघ्यावर बसले, नाक काचेला लागेल इतके जवळ. "आखड," ते म्हणाले. तेल उतरलं. "पसर." तेल चढलं, आणि बरोबर लाल ठिपक्यावर येऊन थांबलं. तीनदा बघितलं. चौथ्यांदा "आखड" न म्हणता त्यांनी इंजिन बंद करायची खूण केली.

इंजिन बंद करून गवई खाली उतरला. त्यालाही आता उलगडा होत होता. हात आखडला की त्या हाताला लावलेल्या जॅकचे चकचकीत दांडे बाहेर येतात. ते बाहेर ढकलायला टाकीतलंच तेल जातं. हात पसरला की दांडे आत, तेल परत टाकीत. दुर्बीणराव सकाळी बघायचे आखडलेल्या मशीनचं तेल, गवई दुपारी बघायचा पसरलेल्या मशीनचं. तेल होतं तेवढंच होतं. बारा दिवस एकानं ओतलं, दुसऱ्यानं उपसलं.

"मिस्त्री आधी हात पसरून घेत असणार," गवई म्हणाला. "मग बघत असणार."

"आपण चहाला जायचो," दुर्बीणराव म्हणाले.

  मग जमिनीकडे बघत ते म्हणाले, "चुकलो मी."

ते 'चुकलो' इतकं हळू होतं की इंजिन चालू असतं तर वाहून गेलं असतं. गवयानं ते ऐकलं, पण लगेच हसून गळ्यात पडला असं काही झालं नाही. तसं व्हायला तो काही संत नव्हता.

"चूक तेलाची झाली असती तर सोडून दिली असती, दादा," तो म्हणाला. "तुम्ही माझा हात धरून मला ओढत नेलंत. बायकोसमोर."

दुर्बीणराव उगाच बोटानं काच पुसत राहिले.

"फिल्टर काढा," गवई थोड्या वेळानं म्हणाला. "पंप कण्हतोय तो उगाच नाही. दोघांनी मिळून बारा दिवस धुळीत झाकण उघडलंय."

झाकण हळूच फिरवून टाकीतली हवा सोडली, फिल्टर बाहेर काढला. तो उन्हात धरल्यावर दिसलं. घड्याघड्यांत करड्या रेतीचा थर. कुणी जळकं तेल ओतलं नव्हतं. दोघांच्या काळजीनंच मशीनच्या रक्तात माती गेली होती. संध्याकाळपर्यंत दोघांनी सगळं तेल उतरवलं, टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला, नवं तेल भरलं. बोलणं कामापुरतं. "पाना दे." "धरा." "बास." गवयाच्या घरातली ट्रंक तशीच बांधलेली राहिली. सोमवारी राहिली, मंगळवारीही राहिली. चिमी त्यातून रोज दोन कपडे काढायची आणि झाकण परत लावायची.

गुरुवारी सकाळी दुर्बीणरावांनी मशीन अंगणात आणलं, हात पसरला आणि काच बघितली. तेल ठिपक्याच्या एक बोट खाली.

खरं सांगतो, माणूस एका रविवारात बदलत नाही. त्यांच्या मनात पहिली आली ती पालच. काल संध्याकाळी शेड कुणी बंद केली? ट्रंक अजून का उघडली नाही? हात ड्रमकडे गेलाही होता. मग ते थांबले, आणि अंगणातून मोठ्यानं हाक मारली, "अरे ए, जरा ये! पसरलेलंच आहे, तरी एक बोट कमी दिसतंय. तूही बघ."

गवई चहाचा कप घेऊन आला, वाकला. "आहे खरं कमी. सुरू करा, हात हलवा. खरंच गळतंय कुठंतरी."

मशीन सुरू झालं. हाताच्या मधल्या सांध्यापाशी रबरी नळीवर बारीक धुकं दिसलं, उन्हात चमकणारं. दुर्बीणरावांना भारी आनंद झाला. खरी गळती! मशीन तसंच चालू ठेवून ते उतरले आणि कुठून येतंय ते चाचपायला नळीकडे हात नेला.

"दादा!"

कप खाली पडून फुटला. गवयानं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून मागं खेचलं, इतकं जोरात की दोघेही मातीत बसले.

"हात लावायचा नाही! सुईसारखं आत घुसतं ते तेल, कातडी फाडून! बोट कापावं लागतं माणसाचं. पुठ्ठा धरून बघायचं असतं, एवढंही ठाऊक नाही?"

"ठाऊक नव्हतं," दुर्बीणराव म्हणाले.

गवई धापा टाकत होता. त्यांचं मनगट अजून त्याच्या मुठीत होतं. तो त्याकडे बघत राहिला, मग सोडलं.

"आता फिटलं," तो म्हणाला, आणि उठून इंजिन बंद करायला गेला. पलीकडच्या घरात चिमीनं ट्रंकेची कडी काढली. तिचा नवरा पुठ्ठा शोधत होता, आणि दुर्बीणराव मातीत बसल्या बसल्या स्वतःची दहा बोटं मोजत होते.

गोष्ट एवढीच. दोन साडू आजही सकाळी एकत्र काच बघतात. एक वर बसतो, एक खाली वाकतो. पुढं ही हकिकत सांगताना दुर्बीणराव स्वतःची फजिती सांगायचे, गवयाचा मोठेपणा सांगायचे, त्या मिस्त्रींनाही नावं ठेवायचे. पण फडकं हातात धरून जिनं सरळ काचेत बघितलं आणि जे दिसलं तेच बोलली, तिला त्या रविवारी कुणी 'बरं झालं बाई' एवढंही म्हटलं नाही. दूध उतू जातंय म्हणून ती केव्हाच आत निघून गेली होती. तेवढी त्या ताईची आठवण ठेवा, आणि आज देवापुढं हात जोडाल तेव्हा माझ्या वतीनं तिचंही नाव घ्या.